उतारावरची अर्ली बाग, खालचं शेततळं आणि मधून गेलेला बांध

पार्श्वभूमी

हे प्रकरण बागलाण तालुक्यातलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं नाव गाळलंय आणि काही तपशील बदललेत. दोघा शेतकऱ्यांना इथे नाना आणि आप्पा म्हणू. नात्याने चुलतभाऊ, नाना वयाने मोठे. नानांची द्राक्षबाग उतारावर, तिच्याखाली आप्पांचं रान, आणि दोघांच्या मधून एक ओहोळ जाऊन पुढे नाल्यावरच्या सिमेंट बंधाऱ्याला मिळतो.

नाशिक जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागात, बरेच जण अर्ली धरतात. छाटणी जूनअखेर ते ऑगस्टमध्ये, म्हणजे इतरांच्या आधी माल बाजारात आणि भाव हातात. त्याची किंमत अशी की कोवळी फूट नेमकी भर पावसात येते. डाऊनी आणि करपा हे बुरशीचे रोग, कोवळी फूट खाणारा उडद्या भुंगा, सगळे एकदम अंगावर येतात. उघडीप मिळाली की ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरवरचा फवारणी पंप, काढायचा, सर आली की थांबायचं, परत काढायचा. औषध जास्तीत जास्त जिथे पडतं आणि पाणी जास्तीत जास्त जिथून वाहतं, ते दोन्ही एकाच रानात आणि एकाच महिन्यात. गवताचं आच्छादन आणि औषधांचं प्रदूषण यांचा संबंध पाहायचा असेल तर अर्ली बागेइतकी कडक परीक्षा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

नानांची बाग तीन एकर. जमीन हलकी, मुरमाड. ऊन नीट मिळावं म्हणून ओळी उत्तर-दक्षिण, आणि रानाचा उतारही नेमका उत्तरेला. म्हणजे दोन ओळींमधली प्रत्येक गल्ली ही उताराने सरळ खाली जाणारी वाट. तणनाशक आणि रोटाव्हेटर यांच्या जोरावर बाग वर्षभर स्वच्छ. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि आपल्याकडे तो सगळ्यांनाच असतो. बागेत गवत दिसलं की माणूस आळशी, हे गावाने ठरवून टाकलेलं आहे. या प्रकरणात सगळ्यात अवघड गेलं ते हे मत बदलणं. खर्चाचा प्रश्न त्यामानाने सोपा होता.

पूर्वी बागेच्या खालच्या अंगाला रुंद बांध होता. कुसळी, मारवेल, मधे दोन-चार बोरी. काही वर्षांपूर्वी जेसीबी लावून तो काढला, ओळी ओहोळापर्यंत खाली ओढल्या. प्रत्येक ओळीत चार वेली वाढल्या. बांध जाण्याचा आणि पुढच्या भांडणाचा काही संबंध असेल, असं तेव्हा कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

आप्पांचं शेततळं प्लास्टिक कागदाचं. पावसाळ्यात बंधाऱ्यातून मोटरने भरून घ्यायचे आणि त्यात रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडायचे.

काय घडलं

जुलैचा शेवट. नानांची बाग फुटायला लागली होती आणि उडद्या फुटव्यांचे डोळे खाऊ लागला होता. संध्याकाळी लॅम्बडा सायहॅलोथ्रिन या कीटकनाशकाची फवारणी झाली, सोबत बुरशीनाशक. दीड-दोन तासांत ढगफुटीसारखा पाऊस आला. पहाटे वीज आली तशी आप्पांनी मोटर चालू केली. नवं पाणी होतं, सोडायचं कशाला? तिसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर मासे उताणे तरंगत होते.

आप्पा तडक नानांच्या ओट्यावर आले. "नाना, तुमच्या औषधानं माझं तळं गेलं."

नाना म्हणाले, "चार दिवस ढग आहेत. तुझ्या पाण्यात हवाच नसेल. माझ्या बागेवर कशाला घेतोस?"

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, आणि म्हणूनच प्रकरण चिघळलं. आप्पांनी तहसीलला अर्ज द्यायची भाषा केली, नानांनी ओहोळाकडची वाट बंद करायची. मला बोलावलं नानांनी, कारण त्यांच्या बागेचा सल्ला मी पाहतो. साहजिकच आप्पांच्या लेखी मी नानांचा माणूस. मी अट घातली की मत्स्यव्यवसायाचं शिक्षण घेतलेला एक माणूस आप्पांच्या पसंतीचा आणायचा आणि जे पाहायचं ते चौघांनी मिळून पाहायचं. ही अट नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

आधी काय तपासलं

मासे कशाने मेले, हा पहिला प्रश्न. प्राणवायू कमी पडून मासे मरतात तेव्हा ते पहाटे वर येऊन तोंड उघडत राहतात, आणि आधी मोठे मासे जातात. विषबाधेत लहान-मोठे सरसकट जातात, मासे भेलकांडत पोहतात, आणि पाण्यातले किडेही मेलेले दिसतात. लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ज्या गटातलं, ती पायरेथ्रॉइड औषधं मुळात कीटकांसाठीच केलेली असतात, त्यामुळे पाण्यातल्या बारक्या किड्यांनाही ती सोडत नाहीत. आप्पांच्या मुलाला आठवत होतं ते असं: बोटुकली आणि मागल्या वर्षीचे मोठे मासे एकदमच गेले, आणि तळ्याच्या कडेला नेहमी पाण्यावर पळणारे किडे दिसत नव्हते. म्हणजे कल विषबाधेकडे. पण मासे पुरून झाले होते, तळ्यात नंतर आणखी पाणी सोडलं होतं आणि पहिल्या दिवसाचं पाणी कोणीच भरून ठेवलं नव्हतं. आता प्रयोगशाळेत पाठवायला हातात काही उरलं नव्हतं. पुरावा गेला होता.

मग आम्ही वहीवर हिशेब मांडला. लॅम्बडा सायहॅलोथ्रिन माशांना अतिशय घातक आहे; लिटरला एक मायक्रोग्रॅमहून कमी मात्रेतही मासे मरतात. तळ्यात दहा लाख लिटर पाणी धरलं तर एवढी मात्रा व्हायला सगळं मिळून एक ग्रॅमसुद्धा लागत नाही. आणि एका फवारणीत एकरी जातो तो क्रियाशील घटक जेमतेम पाच-दहा ग्रॅम. तीन एकरांना पंधरा ते तीस ग्रॅम.

यातलं किती वाहून जातं? शेतातून पाण्याबरोबर जाणारा औषधाचा वाटा एरवी टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. फवारणीवर लगेच मोठा पाऊस आला तर तो वाढतो. टक्का धरला तरी ओहोळात पाव ग्रॅमच्या आसपास. त्यातलं बरंच मातीच्या कणांना चिकटलेलं, आणि ओहोळातलं सगळं पाणी काही आप्पांच्या तळ्यात गेलेलं नाही. म्हणजे बागेतून वाहिलेल्या पाण्यानेच एवढं झालं असेल का, हे धरून चालण्यासारखं नव्हतं. हिशेबाला काहीतरी कमी पडत होतं.

ते सापडलं ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरकडून. पाऊस येणार म्हणून त्या संध्याकाळी त्याने घाई केली, आणि टाकीच्या तळाशी राहिलेलं द्रावण ओहोळाच्या फरशीवर सोडून, तिथेच ब्लोअर धुऊन तो घरी गेला. रोजची जागा होती ती. पाणी हाताशी, चिखल नाही. वीस-पंचवीस लिटर द्रावण उरलेलं असेल तर त्यात अर्ध्या ग्रॅमपर्यंत औषध असू शकतं. तीन एकर रानातून पावसाने जितकं नेलं असेल त्याहून जास्त एका टाकीच्या तळाशी होतं, आणि ते माती-गवत कशालाच न शिवता थेट पाण्यात गेलं होतं. युरोपातल्या अनेक पाणलोटांत हेच आढळलं आहे: नदीत सापडणाऱ्या औषधाचा मोठा वाटा शेतातून न येता पंप भरण्याच्या आणि धुण्याच्या जागेवरून येतो.

नानांचा चेहरा इथे पहिल्यांदा उतरला. पण आप्पांचं समाधान झालं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. "धुणं बंद करतील, पण बागेचं लाल पाणी तर दर पावसाला येतंय. त्याचं काय?"

पाणी जातं कुठून

पुढच्या मोठ्या सरीच्या वेळी आम्ही बागेत उभे राहिलो. लाकडाच्या वखारीतून भुशाचं पोतं आणलं होतं. वरच्या टोकाला तीन गल्ल्यांमध्ये मूठ-मूठ भुसा टाकला आणि त्याच्या मागे चालत गेलो. भुसा गल्लीभर पसरलाच नाही. ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबलेल्या दोन चाकोऱ्यांत तो गेला आणि आम्हाला चालणं कठीण होईल इतक्या वेगाने खाली निघाला. ओळींच्या खालच्या टोकाशी सगळ्या गल्ल्यांचं पाणी बांधाच्या जुन्या खुणेने पूर्वेकडे वळत होतं आणि एका कोपऱ्यातून, घोटाभर खोल ओघळीतून, ओहोळात पडत होतं. तीन एकरांचं पाणी जेमतेम दोन हात रुंदीच्या तोंडातून.

तिथलं पाणी एका बाटलीत भरलं, खालच्या पडीक रानातून येणारं दुसऱ्या बाटलीत, आणि दोन्ही ओट्यावर ठेवल्या. सकाळी नानांच्या बाटलीत तळाला दोन बोटं गाळ होता. दुसरीत नखाएवढा. पडीक रानाचा उतार नानांच्या बागेपेक्षा जास्त आहे. फरक एवढाच की तिथे गवत आहे.

गवत करतं काय, ते इथे सांगून टाकतो. काड्यांमुळे पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसतो. मुळांनी आणि गांडुळांनी केलेल्या भोकांतून पाणी जमिनीत शिरतं. कुजलेल्या पाल्याच्या थराला औषधाचे रेणू चिकटतात आणि तिथले जिवाणू त्यांना तोडत राहतात. पण प्रत्येक औषध सारखं वागत नाही. लॅम्बडा सायहॅलोथ्रिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, लिटरला ०.००५ मिलिग्रॅम, ते मातीला धरून राहतं, माती अडवली की तेही अडतं. बुरशीनाशकांतलं तांबं आणि ग्लायफोसेट हे तणनाशकही मातीच्याच बरोबर जातात. उलट इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक लिटरला ६१० मिलिग्रॅम विरघळतं, मेटॅलॅक्झिल हे बुरशीनाशक त्याच्याही कितीतरी पट. हे गाळ अडवून अडत नाहीत. पाणीच जिरलं तरच थांबतात, आणि जिरलेलं पाणी विहिरीकडे जाऊ शकतं हेही विसरायचं नाही.

फ्रान्समध्ये १९९०च्या दशकात ६, १२ आणि १८ मीटर रुंदीच्या गवती पट्ट्यांवर मोजमापं झाली. वाहून जाणारा गाळ ८७ ते १०० टक्के अडला, पण ॲट्राझिनसारख्या विरघळणाऱ्या तणनाशकाचा आकडा ४४ टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत पसरलेला होता. पट्टा तोच असूनही पाऊस किती पडला, जमीन आधीच भिजलेली होती का, यावर एवढा फरक पडतो. आणि हे आकडे पाणी पट्ट्यावरून पसरून गेलं तेव्हाचे. एका ओघळीतून धावणाऱ्या पाण्यासमोर अठरा मीटरचा पट्टाही नुसता प्रेक्षक असतो.

समोर असलेले पर्याय

नानांचा पहिला विचार होता खालच्या बाजूने सिमेंटचा पाट काढून पाणी बंधाऱ्याच्या खाली सोडायचं. आप्पांचं तळं वाचलं असतं, पण त्या पाण्यावर पुढे आणखी विहिरी आहेत. शिवाय पाटातून माती जास्तच वेगाने गेली असती. हा पर्याय मी स्पष्ट शब्दांत मोडीत काढला.

औषध बदलणं हा दुसरा. उडद्यासाठी माशांना कमी घातक औषध मिळतं, पण अशी औषधं बहुधा पाण्यात जास्त विरघळणारी असतात आणि पाण्यातल्या कीटकांना मारतात. एका दोषाच्या जागी दुसरा. शिवाय लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकासाठी औषधाची नोंदणी, आणि काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ पाहूनच द्राक्षात औषध बदलता येतं. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं कशी नाकारली गेली, ते नाशिकच्या बागाईतदाराला सांगावं लागत नाही.

ओळींची दिशा बदलणं हा खरा इलाज. पण वेली उभ्या आहेत, त्यांना आधार देणारे वाय आकाराचे अँगल गाडलेले आहेत. बाग मोडेपर्यंत ते शक्य नाही.

उरलं गवत, आणि त्यावर दोन बाजूंनी ओढाताण झाली. आप्पांना ओहोळाच्या काठाला रुंद पट्टा हवा होता, कारण तो डोळ्यांना दिसतो. माझं म्हणणं होतं की आधी गल्ल्यांमध्ये गवत, कारण पाणी जिथे गोळा होतं तिथे अडवण्यापेक्षा गोळाच होऊ न देणं जास्त उपयोगाचं. नानांना दोन्ही नको होतं. गल्लीत गवत म्हणजे ओल टिकणार, डाऊनीला आयतं रान मिळणार. ही भीती खोटी नाही. दाट, गुडघाभर गवताने छताखालची हवा कोंदते. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, काही तणांवर राहतो, विशेषतः गाजरगवतावर, हेही खरं. आणि उन्हाळ्यात पाण्याची मारामार असताना गवताला पाणी कोण पाजणार?

त्यावर तोडगा निघाला तो वेळापत्रकातून. जून ते ऑक्टोबर गल्लीत जे उगवेल ते ठेवायचं, घोट्याच्या वर गेलं की ब्रश कटरने कापून तिथेच पाडायचं. गाजरगवत फुलायच्या आत उपटायचं. बोदावर, वेलीच्या बुडाशी, जागा मोकळी ठेवायची. पाऊस सरला की गवत आपोआप वाळतं, पाण्याला वाटेकरी राहत नाही. बी पेरायची गरज नव्हती. तणनाशक थांबवलं की पहिल्याच पावसात गल्ली हिरवी होते, याची नानांना इतकी वर्षं तक्रारच होती.

प्रत्यक्षात काय केलं

पट्ट्यासाठी किती वेली जाणार यावर दोन बैठका गेल्या. फ्रान्समध्ये ओढ्यानदीकाठी पाच मीटर गवती पट्टा ठेवणं शेतकऱ्यांना बंधनकारक आहे. जर्मनीत २०२० पासून पाण्याच्या जवळच्या ५ टक्के किंवा जास्त उताराच्या जमिनीला तसाच पाच मीटरचा नियम आहे. आपल्याकडे असा नियम नाही, त्यामुळे आकडा गळी उतरवण्यापलीकडे हाती काही नव्हतं. नाना प्रत्येक ओळीतल्या शेवटच्या दोन वेली काढायला तयार झाले. ट्रॅक्टर वळवण्याची जागा पट्ट्याच्या वर घेतली, नाहीतर पट्ट्यावरच चाकं फिरून तो रस्त्यासारखा घट्ट झाला असता. असे बिघडलेले पट्टे मी इतरत्र पाहिले आहेत. लांबून हिरवे दिसतात, पाणी एक थेंब जिरत नाही. मारवेलची ठोंबं लावली आणि ओहोळाच्या अगदी कडेला वाळ्याची एक दाट ओळ. हरळी लावू दिली नाही. तिथे ती उत्तम काम करते, पण बागेत शिरली तर नाना मला शिव्या देतील, आणि योग्यच देतील.

चाकोऱ्यांमध्ये ठरावीक अंतरावर आडवे उंचवटे केले, ट्रॅक्टर सहज ओलांडेल एवढेच. पाणी तिथे अडतं आणि गल्लीच्या गवतात पसरतं. पूर्वेच्या कोपऱ्यातली ओघळ बुजवली आणि पट्ट्याच्या वरच्या कडेला समपातळीत दगडांची उथळ रांग घातली, म्हणजे येणारं पाणी एकाच तोंडाने न जाता पट्ट्याच्या लांबीभर पसरावं. पातळी पाण्याच्या नळीने काढली. या एका दगडी रांगेवर सगळ्यांत जास्त वेळ गेला. वास्तविक तीच सर्वांत स्वस्त गोष्ट होती.

धुण्यासाठी घराजवळ, ओहोळापासून लांब, एक खड्डा केला. स्वीडनमध्ये १९९३ पासून वापरात असलेल्या बायोबेडची ही गावठी आवृत्ती. तिकडे तळाला चिकणमाती, वर निम्मा पेंढा, पाव भाग माती आणि पाव भाग पीट, आणि त्यावर गवत असं भरतात. आपल्याकडे पीट, म्हणजे दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, कुठून आणणार? आम्ही गव्हाचं काड, माती आणि मुरलेलं कंपोस्ट घेतलं. पेंढ्यावर वाढणाऱ्या बुरशा औषधाचे रेणू तोडतात. वरचं गवत ओलावा सांभाळतं, आणि गवत पिवळं पडलं तर खड्ड्यावर जास्त भार पडतोय हे लगेच कळतं. तांबं मात्र तुटत नाही, ते साठतच जातं. त्यामुळे बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची, टाकी त्यात धुवायची नाही, उरलेलं पाणी परत बागेतच फवारायचं, असं ठरलं. खड्ड्यावर पत्रा टाकला, नाहीतर पावसानेच तो भरला असता.

आप्पांच्या वाट्यालाही एक गोष्ट आली. मोठ्या पावसानंतरचं पहिलं पाणी उचलायचं नाही, बंधारा निवळू द्यायचा. आणि नानांनी फवारणीच्या दिवशी फोन करायचा. फोनची अट आप्पांनी घातली होती. ती टिकेल असं मला वाटलं नव्हतं.

एक वाद शेवटपर्यंत मिटला नाही. पट्ट्यावर भरघोस मारवेल आली तेव्हा नानांच्या घरच्यांनी ती गाईंना घालायची ठरवली. चारा फुकटचा, कोण सोडेल? पण हा पट्टा लावलाच आहे औषध अडवायला, आणि शेवटच्या वेलींचा फवाराही त्याच्यावर पडतो. दुभत्या जनावराला तो घालणं म्हणजे ओहोळातलं औषध दुधात आणणं. फवारणीच्या हंगामात कापलेलं गवत बागेतच आच्छादन म्हणून टाकायचं, यावर नाना राजी झाले. मेंढपाळ येतात त्यांचं काय, हा प्रश्न राहिलाच. बोर्डो पडलेलं गवत मेंढ्यांना विशेष बाधतं, कारण जास्तीचं तांबं मेंढीला सोसत नाही, ते तिच्या यकृतात साठत जातं. पट्ट्याला काटेरी फांद्यांचं कुंपण केलं आहे, पण कुंपण आणि मेंढरं यांत कोण जिंकतं ते सगळ्यांना माहीत आहे.

काय निष्पन्न झालं

पहिल्या पावसाळ्यात ठोंबं लहान होती. ऑगस्टच्या एका सरीत दगडी रांगेला एका जागी भगदाड पडलं आणि पाणी जुन्या कोपऱ्याकडेच धावलं. आप्पांनी त्याचा फोटो काढून पाठवला, खाली एक शब्द न लिहिता. दुरुस्तीला नाना आणि आप्पांचा मुलगा असे दोघे होते, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या पावसाळ्यात चित्र बदललं. साध्या सरींचं पाणी ओहोळापर्यंत पोचतच नव्हतं, गल्लीतच जिरत होतं. मोठ्या पावसात यायचं, पण लाल गढूळ न येता चहाच्या रंगाचं. दगडी रांगेच्या मागे गाळाची पायरी तयार झाली होती. तो गाळ कुठे टाकायचा हे नवंच काम निघालं, कारण तांबं आणि चिकटणारी औषधं त्यातच आहेत. तो परत वरच्या गल्ल्यांत नेऊन पसरला.

ओहोळाच्या पाण्याचा एक नमुना मोठ्या पावसानंतर तपासून घेतला. पायरेथ्रॉइड सापडलं नाही, मेटॅलॅक्झिल सापडलं. एका नमुन्यावरून कोणताही दावा करणार नाही, पण गवताकडून जे अपेक्षित होतं त्याच्याशी ते जुळतं. आणखी एक अडचण अहवाल हातात आल्यावर दिसली. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, ॲट्राझिन, क्लोरपायरिफॉस, मॅलॅथिऑन अशा ठरावीक औषधांना प्रत्येकी मर्यादा देतं. ॲट्राझिनला लिटरमागे २ मायक्रोग्रॅम, क्लोरपायरिफॉसला ३०. त्या यादीत मेटॅलॅक्झिल नाही. युरोपात कुठल्याही एका कीडनाशकाला सरसकट ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे आप्पांनी "हे जास्त आहे की कमी?" असं विचारलं तेव्हा आपल्या मानकातून उत्तर देता आलं नाही.

तळ्यात पुन्हा मासे मेले नाहीत. हे श्रेय पट्ट्याचं मानायला मी तयार नाही. ओहोळाच्या फरशीवर ब्लोअर धुणं थांबलं आणि पहिलं पाणी उचलणं थांबलं, या दोन गोष्टी एका दिवसात झाल्या होत्या. गवताने तळं वाचवलं असं गावात सांगितलं जातं, पण आमच्या हिशेबाचा कल दुसरीकडे आहे. गवताने वाचवली ती नानांची माती, आणि मातीबरोबर ओहोळात जाणारं तांबं.

डाऊनीचं काय? दुसऱ्या वर्षी नानांच्या बागेत डाऊनी आली, शेजारच्या स्वच्छ बागेतही आली. गल्लीतलं गवत वेळेवर कापलं होतं तिथे वेगळं काही दिसलं नाही. मजूर न मिळाल्याने वरच्या कोपऱ्यात गवत गुडघ्यापर्यंत गेलं होतं, तिथे पानं उशिरापर्यंत ओली राहत होती. नाना अजूनही त्या कोपऱ्याचा दाखला देतात.

कुठे वेगळं करता आलं असतं

मासे तरंगायला लागले त्याच सकाळी काचेच्या स्वच्छ बाटलीत पाणी आणि दोन-तीन ताजे मासे बर्फात ठेवले असते, तर एवढा तर्क लढवावा लागला नसता. तळं असलेल्या प्रत्येकाने अशी एक बाटली घरात ठेवावी. प्रयोगशाळेत देताना कोणती औषधं फवारली होती त्यांची नावं सांगायची, नाहीतर जे शोधायचं तेच तपासणीच्या यादीत नसतं.

कामाचा क्रमही उलटा असता तर बरं झालं असतं. बैठकांचा बराच वेळ पट्ट्याच्या रुंदीवर गेला, कारण तो मुद्दा मानापमानाचा झाला होता: कोणी किती वेली सोडल्या. धुण्याची जागा बदलायला ना जमीन लागत होती ना परवानगी, आणि तरी ती पट्ट्यानंतर झाली. मधल्या काळात ब्लोअर फरशीवरच धुतला जात होता.

फवारणीची वेळ हा मुद्दा आम्ही जवळजवळ सोडूनच दिला. दोन तासांत पाऊस येणार असताना केलेली फवारणी वेलीच्याही उपयोगाची नसते. पण उडद्या डोळे खात असताना "थांबा" म्हणणं सोपं नाही. वाट पाहिली आणि फूट गेली, तर वर्षाचं पीक गेलं. यावर माझ्याकडे अजूनही तयार उत्तर नाही. सध्या नाना फक्त प्रादुर्भाव असलेल्या ओळींवर हातपंपाने फवारतात आणि ब्लोअर उघडिपीला ठेवतात.

आणि तो जुना बांध. नव्या पट्ट्याला जितका खर्च आला त्याच्या हिशेबात जेसीबीचं तेव्हाचं भाडं आणि वाढीव वेलींचं उत्पन्न मांडून पाहिलं, तर नाना फार तोट्यात गेले नाहीत. अर्लीचा भाव तेवढा आहे. म्हणूनच त्या पट्ट्यातले बांध अजून निघत आहेत. नानांच्या वरच्या अंगाला गेल्या हिवाळ्यात एक निघाला, आणि तिकडचं पाणी आता नानांच्या गल्ल्यांतून येतं. दगडी रांग एवढ्या पाण्याला पुरणार नाही. ती वाढवायची, की वरच्या शेतकऱ्याला बैठकीला बसवायचं, यावर यंदा जूनच्या आत ठरवायचं आहे. आप्पा म्हणतात, त्याला ओट्यावर बोलवा, भुशाचं पोतं मी आणतो.